गुडघा कसा आहे?

पत्र आले तेव्हा माझा गुडघा बरा होऊन बरेच दिवस झाले होते. जिना उतरताना पाय मुरगळणे, मग सूज, मग पट्टी, मग कंटाळत केलेले व्यायाम आणि शेवटी ते सगळे विसरून जाणे, असा रीतसर क्रम पार पडला होता. मधल्या काळात केव्हा तरी, एका संस्थेमार्फत दरमहा पैसे देऊन मी जिचे पालकत्व घेतले होते अशा, केनियाच्या उत्तरेकडच्या कोरड्या भागात राहणाऱ्या एका मुलीला पाठवायच्या पत्रात, लिहायला दुसरे काही सुचेना म्हणून मी त्या गुडघ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. तिचे उत्तर रेघांच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेले होते. पेन्सिल इतकी दाबून धरलेली, की कागद उलटा करून बोट फिरवले तर अक्षरे हाताला लागत. वर स्वाहिलीतले तिचे लिखाण, खाली तिथल्या कार्यकर्त्याने टाइप केलेला इंग्रजी अनुवाद आणि कोपऱ्यात तिचा क्रमांक. शाळा सुरू आहे, शेळीला दोन करडे झाली, धाकट्या भावाला खोकला होता तो आता गेला, अशा बातम्यांनंतर शेवटी तिने विचारले होते : तुमचा गुडघा कसा आहे? पाणी आणायला जाताना अजून दुखतो का?

त्यातला दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. गुडघ्याची चौकशी करणाऱ्यांची मला वाण नव्हती. ‘काय झालं?’ असे विचारून माझे उत्तर पुरे होण्याआधीच स्वतःच्या कंबरदुखीवर येणारी माणसे घरात होती, ऑफिसात होती, फोनवर तर होतीच. परंतु या मुलीने माझ्या दुखण्याला एक काम जोडले होते. ती राहते त्या भागात पाणी भरायला बायका आणि मुली जातात, 20 लिटरचा पिवळा कॅन पाठीवर किंवा डोक्यावर घेऊन चालतात, आणि अशा वाटेवर दुखरा गुडघा म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर मी कॅन घेऊन लंगडत चाललेली असणार. त्या चौकशीत दया नव्हती, कृतज्ञता नव्हती. कष्ट करणाऱ्या एका बाईने दुसरीला बांधावर उभे राहून विचारावे इतका तो प्रश्न सरळ होता. मला मात्र त्याचे सरळ उत्तर देता येईना. माझ्या घरी पाणी कुठून येते हे मी तिला कसे सांगणार होते?

आणि त्याहून अवघड म्हणजे, तिला मी तिच्यासारखीच वाटले याचा मला इतका आनंद का झाला, हेही मला सांगता येत नव्हते.

परदेशातल्या एखाद्या गरीब मुलाचे पालकत्व घेणे ही गोष्ट सुरुवातीला जराशी ओशाळवाणीच असते. संस्थेच्या पानावर रांगेने चेहरे असतात. प्रत्येकाखाली वय, देश, वाढदिवस, आवडता खेळ. मुलगा हवा की मुलगी, कोणत्या खंडातला, किती वर्षांचा, हे निवडून रांग लहान करण्याची सोय असते. ती सोय वापरताना बोट अडखळते, कारण एकावर बोट ठेवणे म्हणजे उरलेल्यांवरून ते उचलणे. हसरा चेहरा चटकन पुढे येतो; कॅमेऱ्याकडे रागाने पाहणारे, नाक पुसायचे राहून गेलेले, अर्धवट डोळे मिटलेले मूल मागे राहते. काही संस्था ‘सर्वांत जास्त काळ वाट पाहणारी मुले’ अशी वेगळी ओळ देतात. मी त्या ओळीतले पहिले नाव घेतले आणि पान मिटून टाकले. पुढे 2019 मध्ये वर्ल्ड व्हिजन या संस्थेने हा प्रकार उलटा करून पाहिला : मदत करू इच्छिणाऱ्यांची छायाचित्रे गावात दोरीवर टांगायची आणि मुलांनी त्यांतून आपला माणूस निवडायचा. ती बातमी वाचून मला आधी बरे वाटले आणि लगेच पोटात गोळाही आला. माझे छायाचित्र त्या दोरीवर संध्याकाळपर्यंत तसेच राहिले असते तर?

पहिल्या महिन्यांतल्या आनंदाबद्दल मी फारसे लिहिणार नाही, कारण तो खरा असला तरी विशेष नसतो. दुसऱ्यावर पैसा खर्च केला की माणसाला बरे वाटते, हे आता प्रयोगांनीही दाखवले आहे. 2008 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात लोकांना सकाळी 5 किंवा 20 डॉलर देऊन ते संध्याकाळी पाचपर्यंत खर्च करायला सांगितले होते. काहींनी स्वतःवर, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक खूश निघाले आणि रक्कम 5 ची होती की 20 ची, याने काही फरक पडला नाही. माझाही अनुभव तोच, फक्त त्याला एक पुस्ती जोडावी लागेल. रक्कम खात्यातून दरमहा आपोआप वळती होऊ लागली, की हा आनंद तिच्याबरोबर हळूहळू नजरेआड होतो. बँकेच्या विवरणात विजेच्या बिलाच्या वर आणि विम्याच्या हप्त्याच्या खाली ती एक ओळ दिसते आणि तिच्याकडे पाहून कुणाचेही मन भरून येत नाही. येत असल्यास मला त्या माणसाची थोडी काळजी वाटेल. देण्याचे समाधान म्हणून जे सांगितले जाते ते इतकेच असते, तर या लेखाचे काही कारण नव्हते.

या पद्धतीच्या जन्मापासूनच तिच्या मध्यभागी एक चेहरा आणि एक चिठ्ठी आहे. स्पेनच्या यादवी युद्धात, 1937 साली, जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराला एक लहान मुलगा सापडला. त्याच्याजवळ वडिलांची चिठ्ठी होती : सांतांदेर शहर शत्रूच्या हाती पडले की मला गोळी घालतील, ज्याला हा सापडेल त्याने याला सांभाळावे. त्या अनुभवातून लँग्डन-डेव्हिस आणि एरिक मगरिज यांनी जी संस्था उभी केली ती आज प्लॅन इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. तिथे प्रत्येक मुलामागे दूर देशातला एक पालक, आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार, अशी मूळ कल्पना होती. पुढे कोरियातल्या युद्धाने पोरकी केलेल्या मुलांसाठी हीच वाट आणखी संस्थांनी धरली. 1972 मध्ये ॲक्शनएड सुरू झाली ती 88 देणगीदार आणि 88 मुले घेऊन, आणि ती मुले भारतातली आणि केनियातली होती. हा तपशील मला फार उशिरा कळला. भारतातली आणि केनियातली मुले एकाच वहीत, एकाच बाजूला लिहिलेली होती. तेव्हा माझी आणि त्या मुलीची जागा कायमची ठरलेली आहे, असे समजण्याचे काही कारण नाही.

एकच चेहरा का, याचेही उत्तर संशोधकांनी शोधले आहे, आणि ते काही आपल्या फायद्याचे नाही. पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना आफ्रिकेतल्या लाखो उपाशी माणसांची आकडेवारी दिली आणि काहींना माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीची हकिकत. मुलीसाठी लोकांनी आकडेवारीच्या जवळपास दुप्पट पैसे दिले. मुलीच्या हकिकतीसोबत आकडेवारीही जोडली, तेव्हा मदत वाढण्याऐवजी घटली. लाखांची गोष्ट ऐकून माणसाचे मन मोठे होत नाही, आक्रसते, हे वाचताना मी मान डोलावली, कारण मी तशीच आहे. शिवाय, ज्या संस्थेतर्फे मी हे करते तिच्या पद्धतीप्रमाणे माझी रक्कम त्या मुलीच्या हातात पडतही नाही. ती गावातल्या सगळ्या मुलांच्या शाळेसाठी, पाण्यासाठी, औषधपाण्यासाठी एकत्र वापरली जाते आणि ते योग्यच आहे. तिच्या एकटीच्या वाट्याला माझ्याकडून जाते ते फक्त पत्र. त्यामुळे या सगळ्या व्यवहारात माझे असे काही असेल, तर ते पत्रातच असणार होते.

आणि पत्र लिहिणे भयंकर अवघड निघाले.

संस्था सुरुवातीलाच काही सूचना देते. आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक लिहू नये. भेटीचे वचन देऊ नये. घर, गाडी, खरेदी, सहली यांची वर्णने टाळावीत, कारण ती वाचून मुलाला आपल्या घराबद्दल कमीपणा वाटू शकतो. सूचना वाचून मी सहज मान हलवली आणि कागद पुढे ओढला. अर्ध्या तासानंतर त्यावर तिचे नाव आणि ‘तू कशी आहेस’ एवढेच होते. आठवड्यात माझ्याकडे काय घडले होते ते मी मनात चाळून पाहिले : नवा फोन घेतला होता, त्याची एक अडचण निस्तरायला दोन फेऱ्या झाल्या होत्या, सुट्टीची तिकिटे काढली होती, स्वयंपाकघरातल्या फरशीवरून घरात वाद झाला होता. ज्याला किंमत जोडलेली आहे असे सगळे वगळले, तेव्हा माझ्या आठवड्यात उरलेच काय? मी घाबरले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण अस्वस्थ नक्कीच झाले. इतकी वर्षे स्वतःचे आयुष्य म्हणून जे मी लोकांना सांगत आले होते, त्यातला किती मोठा भाग निव्वळ विकत घेतलेला होता!

मग हळूहळू सवय लागली. पत्र जायचे असले की आधीचे काही दिवस मी लिहिण्यासारखे काही गोळा करत हिंडू लागले. खिडकीच्या कठड्यावर कबुतराने तीन काटक्यांचे घरटे बांधले आणि ते वाऱ्याने पडले, तरी त्याने पुन्हा तिथेच तीन काटक्या आणून ठेवल्या. माझ्या आईला वयाच्या सत्तरीनंतर शिट्टी वाजवता यायला लागली. मी लहानपणी अंधाराला घाबरत असे आणि आजही रात्री दिवा घालवल्यावर पलंगापर्यंतची शेवटची दोन पावले भरभर टाकते. गणितात मी एकदा सपशेल नापास झाले होते. पावसाचा पहिला वास कोणत्या दिशेने आला. हे सारे मी नवऱ्यालाही कधी सांगितले नव्हते. अंधाराचे तर नाहीच. त्या मुलीला सांगताना मात्र ते आपोआप आले, कारण आमच्या दोघींच्या मध्ये दुसरे चलन चालणारे नव्हते. तिनेही उलट लिहिले, की अंधाराची भीती तिच्या आजीलाही वाटते, पण आजी ते कबूल करत नाही. मला या पालकत्वातून काय मिळाले असे कुणी विचारले, तर मी आधी हेच सांगेन, की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा स्वतःच्या दिवसांतून पैसा वजा करून उरलेल्याकडे पाहण्याची सक्ती मिळाली. अशी सक्ती मी आपणहून स्वतःवर कधी केली नसती.

दुसरी गोष्ट पावसाची. त्या भागात वर्षाला दोन पावसाळे : मार्च ते मे हा मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान. हे मला कुणी शिकवले नाही, तिच्या पत्रांच्या तारखांवरून कळत गेले. 2020 च्या अखेरीपासून केनिया, सोमालिया आणि इथिओपियाच्या त्या पट्ट्यात सलग पाच हंगाम पाऊस रुसला. चाळीस वर्षांतला सर्वांत वाईट दुष्काळ असे त्याचे वर्णन झाले आणि लाखो गुरे मेली. ही बातमी एरवी मी मथळ्यापुरती वाचली असती. आता मी हवामानखात्यांचे नकाशे पाहू लागले, तांबड्या-पिवळ्या डागांत तिचा जिल्हा शोधू लागले, आणि ऑक्टोबरच्या मध्याला अजून ढग नाहीत हे वाचून माझी झोप उडू लागली. त्या काळातल्या एका पत्रात तिने लिहिले होते, की मोठी शेळी विकली, करडांपैकी एक आहे. दुसऱ्या करडाबद्दल तिने काही लिहिले नव्हते आणि मीही विचारले नाही. दूरच्या माणसाचे हवामान आपल्या जिवाला लागणे याला बक्षीस म्हणावे का, मला ठाऊक नाही. त्याने माझी झोप गेली एवढे खरे. तरीही ते सोडून पुन्हा मथळे वाचणारी बाई व्हायला सांगितले, तर मी होणार नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला हे सगळे थोतांड वाटते. ‘आपल्या दाराशी काय गरीब मुलं कमी आहेत, म्हणून तू समुद्रापलीकडची शोधतेस?’ असे तिने मला तोंडावर विचारले, आणि ताईच्या प्रश्नात नेहमीच असते तसे यातही तथ्य होते. दाराशी असलेल्या मुलांसाठीही करावे, करतेही. ताई तर माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक करते. परंतु जवळच्या माणसाला मदत करताना माझ्यात एक मालकीण जागी होते, हे मी स्वतःत पाहिले आहे. पुस्तके घेतली का, अभ्यास केला का, दिलेल्या पैशांचे काय झाले, असे विचारण्याचा हक्क आपल्याला मिळाला असे वाटू लागते. समोरच्याला रस्त्यात आपण दिसलो की हसावे लागते. हजारो किलोमीटरच्या अंतराने आणि संस्थेच्या कडक नियमांनी माझ्या हातातला तो हक्क काढून घेतला. ती मला रस्त्यात भेटणार नाही. तिने अभ्यास केला नाही तर मी रागावू शकत नाही, रागावले तरी तो राग पोचेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असेल. ताईला हे उत्तर पटले नाही. ‘म्हणजे तुझ्या स्वभावाचं औषध तू केनियात शोधलंस’, असे ती म्हणाली, आणि हेही तसे खोटे नाही.

या नात्याची दुसरी बाजू मला एका निवृत्त गृहस्थांकडून ऐकायला मिळाली. ते वसतिगृहात वाढले आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च परदेशातली एक बाई करत असे. पत्र लिहायचा दिवस म्हणजे शिक्षेचा दिवस, असे ते हसत सांगत होते. फळ्यावर मजकूर लिहिलेला असे, तो सगळ्यांनी आपापल्या कागदावर उतरवायचा, मोकळ्या जागेत फक्त स्वतःचे नाव घालायचे. छायाचित्राच्या दिवशी दोन चांगले शर्ट होते ते आळीपाळीने सगळ्यांच्या अंगावर चढत, त्यामुळे एका वर्षीच्या सर्व छायाचित्रांत सर्व मुले दोनच शर्टांत आहेत. हे ऐकताना माझ्या ताटातला घास फिरला. मला येणाऱ्या पत्रांतली कितवी ओळ फळ्यावरची असेल? मी तसे विचारलेही. ते म्हणाले, ‘बरीचशी असणार. पण तुम्ही काय लिहिता ते फळ्यावरचं नसतं ना!’ मग त्यांनी त्या बाईंच्या पत्रांबद्दल सांगितले. खर्च किती, फी किती, यांतले त्यांना काही आठवत नव्हते. आठवत होता तो बाईंचा म्हातारा कुत्रा, ज्याला ऐकू येत नव्हते आणि जो गाडीखाली येईल म्हणून त्या त्याला एकटा सोडत नसत. त्या कुत्र्याची आपल्याला रात्री काळजी वाटायची, असे हे पंच्याहत्तरीचे गृहस्थ अगदी गंभीरपणे म्हणाले. तो केव्हा गेला ते बाईंनी कळवले नाही आणि ते त्यांनी अजूनही पुरते माफ केलेले नाही.

आक्षेप मोठे आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. न्यू इंटरनॅशनलिस्ट या मासिकाने 1982 मध्ये या पद्धतीविरुद्ध एक अंकच काढला होता : एका घरातल्या एकाच मुलाला निवडल्याने गावात हेवा निर्माण होतो, पत्रे-छायाचित्रे सांभाळण्यात पैसा जातो, देणाऱ्याला आपण कुणाचे तरी तारणहार असल्याचा भ्रम होतो. 1998 मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकारांनी स्वतः मुलांचे पालकत्व घेऊन शोध घेतला, तेव्हा एका मुलीच्या मृत्यूनंतरही देणगीदाराकडून पैसे घेतले जात होते असे उघड झाले. अनेक संस्थांनी पैसा सबंध गावासाठी वापरण्याची पद्धत स्वीकारली, त्यामागे असे आक्षेपही आहेत. दुसरीकडे, ब्रूस वायडिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. भारत, केनिया, युगांडा, फिलिपिन्स, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया या सहा देशांतल्या 10,144 व्यक्तींची माहिती त्यांनी घेतली. कंपॅशन या संस्थेच्या मदतीने वाढलेली मुले इतरांपेक्षा 1.03 ते 1.46 वर्षे अधिक शिकली, आणि माध्यमिक शिक्षण पुरे करण्याची त्यांची शक्यता 12 ते 18 टक्के-बिंदूंनी जास्त होती. तुलना कशाशी केली, हे मला त्याहून लक्षात राहिले. योजना गावात आली तेव्हा ज्यांचे वय 12 च्या पुढे गेले होते त्यांना ती मिळू शकत नव्हती; म्हणजे घरातला मोठा भाऊ किंवा मोठी बहीण. अभ्यासकांच्या दृष्टीने ती सोय होती. मी मात्र वाचताना त्या थोरल्यांपाशीच थांबले, ज्यांनी धाकट्याला पत्र लिहिताना शेजारी बसून पाहिले असेल.

तेव्हा माझे पत्र तिच्या किती उपयोगाचे, याची मी खात्री देत नाही. शाळेचा उपयोग झाला असणार, विहिरीचा नक्कीच. माझ्या बाजूने पाहिले तर हिशेब फार एकतर्फी होता आणि जमेची बाजू माझीच जड होती. सुरुवातीला मला याची लाज वाटत असे. गरिबाच्या लेकराकडून आपण काही तरी घेतो आहोत, अशी. आता वाटत नाही. ज्या नात्यात एकाने फक्त द्यायचे आणि दुसऱ्याने फक्त घ्यायचे असते, त्यात घेणारा माणूस फार लवकर दबतो. तिने माझ्या गुडघ्याची काळजी केली आणि मला त्याने बरे वाटले, हे तिला कळवणे मला म्हणूनच आवश्यक वाटले. पाण्याच्या प्रश्नाला मी काय लिहिले, ते सांगते : मला पाणी आणायला लांब जावे लागत नाही, तू जातेस ते अंतर किती आहे, आणि वाटेत बसायला सावली आहे का? संस्थेच्या सूचनांत हे बसते की नाही याची मला शंका होती, पण पत्र परत आले नाही. तिने उत्तर दिले, की सावली एकाच ठिकाणी आहे, बाभळीच्या झाडाची, पण तिथे आधीच पोरे बसलेली असतात.

दुष्काळाच्या शेवटच्या वर्षात तिचे कुटुंब गुरे घेऊन दुसरीकडे गेले. संस्थेने एक पानी पत्र पाठवले : कुटुंबाने स्थलांतर केल्यामुळे ती आता कार्यक्रमात नाही, नव्या ठिकाणी आमचे काम नाही. निरोपाचे पत्र लिहायला तिला वेळ मिळाला नसावा. मी ठिकाण विचारले, ते देता येणार नाही असे सौजन्याने सांगण्यात आले, आणि तो नियम मला पूर्णपणे मान्य असूनही मी फोन ठेवल्यावर रडले. त्याच फोनवर मला दुसऱ्या मुलाबद्दल विचारले होते. मला त्या क्षणी त्या प्रश्नाचा रागच आला. एक गेले तर दुसरे घ्या, इतके ते सोपे आहे का? परंतु रांगेतल्या कुणाचा माझ्या दुःखाशी काय संबंध, हे काही दिवसांनी माझे मलाच कळले आणि मी ‘हो’ म्हणून कळवले.

हा नवा मुलगा ग्वाटेमालातला आहे, सात वर्षांचा, आणि त्याला माझ्यात काडीचाही रस नाही. माझ्या पहिल्या पत्रातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले नाही. त्याच्या वतीने लिहिणाऱ्या कार्यकर्तीने चार ओळी भरल्या आहेत, त्या बहुधा फळ्यावरच्या. उरलेल्या सगळ्या कागदावर त्याने स्वतः फुटबॉलचा सामना काढला आहे : आडवेतिडवे खेळाडू, दोन चेंडू, हातात शिट्टी धरलेला पंच, आणि पंचाच्या डोक्यावर कारण नसताना सूर्य. मैदानाबाहेर डाव्या कोपऱ्यात एक प्राणी उभा आहे, त्याला पाय पाच आहेत. तो कुत्रा आहे असे माझे म्हणणे आहे, डुक्कर आहे असे घरातल्या बाकीच्यांचे, आणि ताई तर ते मुळात प्राणी नसून बाक आहे यावर ठाम आहे. मी कालच त्याला पत्र टाकले, त्यात एवढा एकच प्रश्न विचारला आहे.